मांडीवरचा तांब्या

"किती आणलं?"

बायडामावशींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ओळख ना पाळख, मी शेजारच्या खाटेवर आडवा होऊन हातात दोन सुया टोचून घेत होतो आणि ही नऊवारीतली बाई मान वळवून विचारत होती, किती आणलं. मला वाटलं, डब्याचं विचारते आहे. म्हणालो, "दोन पोळ्या आणि भाजी."

"ते न्हाई वो. पाणी, पाणी. मी पावणेतीन आणलं आज. सिस्टर आता कावतीय बघा."

मग उलगडा झाला. आम्हा डायलिसिसच्या लोकांच्या अंगातून पाणी आपोआप बाहेर पडत नाही. दोन खेपांच्या मध्ये जे प्यावं ते अंगातच साठतं. म्हणून हॉस्पिटलात गेल्यावर आधी काट्यावर उभं राहायचं आणि किती किलो पाणी घेऊन आलो ते सिस्टरनं मोठ्यानं वाचायचं. मावशी तो आकडा डेअरीवर दूध घालायला आल्याच्या थाटात सांगत. ज्याचं कमी त्याचं कौतुक, ज्याचं जास्त त्याची वॉर्डभर थट्टा. यंत्राला त्या गुऱ्हाळ म्हणत. "लावा आमचं गुऱ्हाळ," म्हणून हात पुढे करत आणि सुई जाताना बाकीचे तोंड फिरवतात तसं न करता सुईकडेच बघत राहत.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. दिवसाआड शाळेतून लवकर निघायचं, लोकलनं तळेगावला उतरायचं, चार तास पडायचं आणि परत जायचं, असं आयुष्य झालं होतं. त्या काळात मला फारसं काही वाटत नसे. दुःख नाही, भीती नाही, रागही नाही. बायको समोर बसून रडली तरी मी पंख्याकडे बघत असे आणि पंखा पुसायला झालाय असं मनात येई. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, फरक पडला नाही.

मावशींचे पाय बधिर होते. ते मात्र खरोखरचे. साखरेनं घोट्याखाली काही कळेनासं झालं होतं. एकदा चुलीतला निखारा पावलावर पडला तो त्यांना वासावरून कळला. हे त्या हसत सांगत. माझ्याबद्दल सगळं काढून घेतल्यावर एक दिवस म्हणाल्या, "मास्तर, तुमचं डोस्कं आन् माजे पाय एकाच कंपनीचे दिसत्यात." सिस्टर हसली. मीही हसलो बहुतेक.

त्या बेडशाच्या. लेण्यांच्या खाली घर, थोडी भातशेती, दोन म्हशी. नवरा बैलगाडा शर्यतीचा शौकीन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एक, दत्ता. तो तळेगावातल्या कारखान्यात कामाला होता. हे सगळं चारचौघांसारखंच. चारचौघांसारखं नव्हतं ते एवढंच, की मावशी हॉस्पिटलात स्पोर्ट्स कारमधून येत.

निळी, दोन दारांची, बसकी गाडी. लोणावळ्यात एका बंगलेवाल्याकडे ती कित्येक वर्षं कापडाखाली पडून होती. दत्तानं ती घेतली आणि सुट्ट्यांच्या दिवशी खपून खपून चालती केली. घरात दुसरं वाहन नव्हतं. त्यामुळे त्याच गाडीतून कामावर जायचं, तिच्यातच पेंडेचं पोतं आणायचं, आणि दिवसाआड तिच्यातूनच आईला डायलिसिसला. पुढे दोन माणसं बसत. मागे नावापुरती जागा, तीत मावशींची उशी आणि घोंगडी.

त्या गाडीत बसण्याची मावशींची एक रीत होती. आधी गाडीकडे पाठ करायची. मग दत्ता आपला पंजा दाराच्या वरच्या कडेला धरी, म्हणजे डोकं आपटलं तर हातावर आपटेल. मग मावशी मागे न बघता सरळ खाली बसत आणि सगळ्यात शेवटी दोन्ही पाय हातांनी उचलून आत घेत, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. उतरताना ओरडत, "वर काढ रं, हिरीतनं काढल्यावानी!" गेटवरचा वॉचमन तेवढ्यासाठी खुर्ची सोडून यायचा.

दत्ता वॉर्डाबाहेर थांबत नसे, आत येऊन माझ्या आणि आईच्या खाटेच्या मध्ये स्टूल घेऊन बसे. पस्तिशी उलटलेला, अबोल. पण गाडीचा विषय निघाला की त्याला आवरावं लागे. मी भूगोलाचा माणूस, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. तरी काही आठवड्यांत मला स्प्रिंगांविषयी जेवढं कळलं तेवढं मी माझ्या आजाराविषयीही वाचलं नव्हतं.

त्याचं दुखणं हे होतं, की चाक आणि वरची कमान यांत चार बोटं जागा होती. तो येता-जाता चाकाशी उकिडवा बसे आणि त्या फटीत चार बोटं घालून बघे. "ही चार बोटं मला सहन होत नाहीत सर," म्हणायचा. कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि जरा कडक स्प्रिंगा बसवल्या की गाडी खाली बसते. दिसते तर छानच, शिवाय वळणावर कलत नाही, घाटात रस्ता धरून चालते. तोटा एकच, रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या कमरेत येतो. बाजारात त्या गाडीला बसणाऱ्या दोन जाती होत्या. एक दीड इंच खाली बसवणारी, पहिल्यापासून कडक. दुसरी एकच इंच खाली बसवणारी, आधी मऊ आणि दाब वाढेल तशी कडक होत जाणारी. दोन्हींचे फोटो त्याच्या फोनमध्ये होते. एखाद्यानं मुलींचे फोटो दाखवावेत तसे तो मला ते आलटून पालटून दाखवी. मावशी म्हणत, "बाईचं बघ म्हनलं तर स्प्रिंगा बघतोय."

"मग बसवून टाक की एकदा," मी एकदा म्हणालो. माझ्या बाजूनं विषय संपवायला म्हणालो होतो.

"आईला आणायचं असतं ना सर. आपला रस्ता बघितलाय का? पवनानगरकडून कामशेतपर्यंत नुसते खड्डे आणि ब्रेकर. नंतर बघू."

तो चहाला गेला. मावशींचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपल्या. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "नंतर म्हंजी कवा, मास्तर?"

मी वर पंख्याकडे बघितलं.

"मी मेल्यावं. दुसरं काय. त्यो वंगाळ न्हाई, त्याच्या मनात बी न्हाई. पन नंतर म्हंजी त्येच की." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी गेल्यावं ह्यो त्या स्प्रिंगा बसवनार. गाडी खाली बसनार. मंग घाटातनं जाताना ह्येला बरं वाटनार, आन् बरं वाटलं की ह्येला वाटनार, आय गेली म्हून ह्ये मिळालं. मला न्हाई त्यात पडायचं. मी हाय तवर झालं पायजे."

एवढं सलग त्या कधी बोलत नसत. पुन्हा डोळे मिटून घेतले. मला त्याही दिवशी काही वाटलं नाही, पण ते वाक्य परतीच्या लोकलमध्ये बसेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

त्या दिवसापासून मायलेकरांचं वाजायला लागलं. मावशी म्हणत, बसव. दत्ता म्हणे, तुला त्रास होईल. मावशी म्हणत, मला काय बी कळत न्हाई, पाय बधिर हायेत.

"पाय बधिर, कंबर न्हाई ना?"

"कंबर बी काय म्हनत न्हाई."

"तू खोटं बोलतीस आये. तू माज्यासाटी काय बी बोलशील."

"आन् तू माज्यासाटी नगं म्हनतोस. त्ये काय खरं हाय व्हय?"

दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी मावशींनीच तोड काढली.

मावशींचं माहेर पवनेच्या काठचं. त्यांचा बाप बैलजोडी घेताना एक करायचा म्हणे. शर्यतीची नव्हे, घरच्या गाडीची जोडी. बायका-पोरं, आजारी माणूस न्यायचं तर नुसता जोर असून भागत नाही, चाल लागते. विकणारा हजार सांगेल, घेणाऱ्याच्या डोळ्याला भूल पडेल. म्हणून बाप गाडीत मधोमध एक तांब्या काठोकाठ भरून ठेवायचा आणि जोडी गावाला वळसा घालून आणायला सांगायचा. जेवढं पाणी शिल्लक तेवढी जोडी खरी. मावशी लहानपणी त्या तांब्याजवळ बसून वळसा घालून येत.

"तसंच करू," मावशी म्हणाल्या. "मी खोटं बोलंन, तू खोटं बोलशील. तांब्या बोलतो का खोटं?"

दत्ताला ते पटलं. त्याच्यासारख्याच दोन गाड्या ओळखीच्यांकडे होत्या. एकीला दीड इंचाच्या स्प्रिंगा बसवलेल्या, दुसरीला एका इंचाच्या. त्या एकेक दिवस मागून आणायच्या, मावशींना त्यांतून हॉस्पिटलात आणायचं आणि मांडीवर तांब्या. आधी स्वतःच्या गाडीनं एक खेप, म्हणजे ताडून बघायला काहीतरी हवं. मला आठवतं, त्या तिन्ही खेपांना सगळा वॉर्ड गुऱ्हाळं लावून वाट बघत होता. आमच्याकडे वाट बघण्यासारखं एरवी काही नसे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्हाला पाणी मोजून मिळतं. दिवसाकाठी जे मिळतं ते एका माणसाला जेवणाबरोबर लागावं एवढं. मावशींची तहान फार होती. सिस्टर बर्फाचा एक खडा देई, बाकीचे तो तोंडात टाकत. मावशी तळहातावर धरून बसत, तो विरघळू देत आणि मग तळहात चाटत. "असा लय टिकतो," म्हणत. अशी बाई बेडशापासून तळेगावपर्यंत थंडगार पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर धरून येणार होती. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. दत्ताच्याही नाही.

पहिली खेप स्वतःच्या गाडीची. बोटाच्या पेराएवढं पाणी सांडलं. दत्तानं वॉर्डात येऊन तांब्याच्या आत बोट घालून दाखवलं. मावशींची तक्रार वेगळीच होती. "ब्रेकर आला की ह्यो हात घालतो वो मास्तर! ष्टेरिंगवरचा हात काढून तांब्या धरतो. मी मारली हातावं. म्हनलं, हात काढ. तू धरल्यावं कळनार काय, माजं कपाळ?"

दुसरी खेप दीड इंचवाल्या गाडीची. ती शनिवारची होती, म्हणजे पवनेच्या कडेला तंबूत राहायला येणाऱ्यांची रीघ. दत्ता गाडी खड्ड्यांतून मुंगीच्या पावलानं आणत होता आणि मागे मोठमोठ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. बसकी स्पोर्ट्स कार आणि चालते अशी, म्हणून लोक काच खाली करून ओरडत होते. मावशींनी काच खाली केली आणि तांब्या बाहेर दाखवला. "पानी हाय, पानी! जा म्होरं!" तरी गावच्या ब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, तांब्या हिंदकळला आणि मावशींचं लुगडं मांडीपासून गुडघ्यापर्यंत भिजलं. ओल्या लुगड्यानं त्या आत आल्या त्या हसतच. दीड इंच त्या दिवशी बाद झालं. दत्तानं तो फोटो माझ्यासमोर फोनमधून काढून टाकला.

राहिली एक इंचाची. दत्ताची सगळी आशा तिच्यावर. आधी मऊ, मग कडक. त्यानं मला ते पुन्हा समजावलं आणि मीही पुन्हा ऐकलं. खेपेच्या दिवशी तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. हातात तांब्या होता आणि तांब्यात अर्धंच पाणी होतं.

"निम्मं सांडलं सर," तो म्हणाला. "आईनं वाटेत तांब्याकडे बघूच दिलं नाही, इथं उतरल्यावर बघितलं. खरं तर गाडी छान चालत होती, मला धक्का असा जाणवलाच नाही. म्हणजे मला जाणवत नाही आणि आईला बसतो. जाऊ द्या. नाहीच बसवायच्या."

त्यानं तांब्या खिडकीत ठेवला आणि बाहेर निघून गेला. मावशी काट्यावर उभ्या राहिल्या. सिस्टरनं आकडा वाचला आणि मग जे कावायला सुरुवात केली ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. मावशी नेहमीसारखं उलट बोलल्या नाहीत. खाटेवर येऊन पडल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो, म्हणजे नुसताच बघत होतो, काही शोधत नव्हतो. लुगडं पिवळं होतं. पिवळ्या कापडावर थेंब जरी पडला तरी दिसतो. लुगडं खडखडीत कोरडं होतं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"त्यो हवा भराया उतरला कामशेतच्या म्होरल्या पंपावं," त्या हळूच म्हणाल्या. "मी एकलीच व्हते. उशीर लावला त्यानं. म्हनलं, येक घोट. मंग ऱ्हायलंच न्हाई, मास्तर. लय गार व्हतं."

दत्ता आला, आईचं पांघरूण सारखं केलं, पण गाडीविषयी एक शब्द बोलला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चाकाशी उकिडवा बसायचंही त्यानं सोडलं. आईला उतरवून घ्यायचा, स्टूलवर बसायचा आणि भिंतीवरच्या टीव्हीकडे बघायचा. त्याला पंखा पुसायला झालाय असं वाटत असणार, मी ओळखलं. मावशी मात्र झोपेचं सोंग घेऊन पापणीआडून त्याला बघत असत. पाणी प्यायल्याचं सांगितलं तर पोरगा चिडणार, पुन्हा विश्वास ठेवणार नाही, घरातलं पाणी कुलपात ठेवील. न सांगावं तर त्या स्प्रिंगा मरणानंतरच बसणार. त्यांची त्या आठवड्यातली सगळी घालमेल मी शेजारून बघितली. बोललो नाही. तो निवाडा त्यांचा होता.

एके दिवशी गुऱ्हाळ मध्यावर आलं असताना त्या एकदम म्हणाल्या, "दत्ता, पानी सांडलं न्हाई. मी पेले."

दत्तानं टीव्हीवरची नजर काढली. "काय?"

"तांब्यातलं. तू पंपावं उतरलास तवा. थेंब सांडला न्हवता. काठाला व्हतं सगळं."

"निम्मा तांब्या?"

"व्हय."

दत्ता उभा राहिला. मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. "मरायचंय का तुला? सिस्टर किती येळा सांगतीय? निम्मा तांब्या! छातीत पानी झालं असतं म्हंजी?"

"मरायचं तर हायेच," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पन आदी गाडी खाली बसव."

"गाडी गेली खड्ड्यात!"

"न्हाई गेली. त्येच सांगतीय. येवढ्या खड्ड्यातनं आली आन् थेंब सांडला न्हाई." आणि मग मला सांगितलं होतं तेच त्यांनी त्याला सांगितलं, पण फार थोडक्यात. "माज्यासाटी थांबू नगंस. मी गेल्यावं बसवल्यास तर तुला त्यात मीच दिसंन. मला माजं मरान तुज्या गाडीला नगं लावूस. मी बसंन त्यात. मला बगू दे."

यंत्रं फिरत होती. दत्ता बाहेर गेला. माझ्या खाटेजवळच्या खिडकीतून खालचं पार्किंग दिसतं. तो गाडीपाशी गेला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि फटीत चार बोटं घालून तसाच बसून राहिला. मी मावशींना म्हणालो, "चाकाशी बसलाय."

"बसू द्या," त्या म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. माझे कोरडेच होते, पण कोरडे आहेत हे मला कळत होतं, आणि त्याची मला लाज वाटली. त्या वर्षात मला काही वाटल्याचं हे पहिलंच.

स्प्रिंगा तळेगावातच एका गॅरेजात बसवल्या. मावशी खुर्ची मागून घेऊन समोर बसल्या होत्या. जुन्या स्प्रिंगा निघाल्या तेव्हा त्या हातात घेऊन त्यांनी वजन बघितलं, पोत्यात घालायला लावल्या आणि माळ्यावर ठेवायला सांगितलं. गाडी जॅकवरून खाली आल्यावर दत्तानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर चाकाच्या फटीत बोटं घातली. तीन मावत होती, चौथं जेमतेम. तो थोडा हिरमुसला. मेकॅनिक म्हणाला, स्प्रिंगा बसायला थोडे दिवस लागतात, अजून जराशी उतरेल. मावशींनी हे आम्हाला रंगवून सांगितलं. त्यांच्या सांगण्यात त्या मेकॅनिकचं डोकं फार चालत नव्हतं.

मग बसण्याची रीत थोडी बदलली. गाडी खाली गेली म्हणून आता मावशींना आणखी एक इंच अंदाजानं खाली बसावं लागे. शेवटचा इंच त्या धपकन बसत आणि "आलं!" असं म्हणत. गावच्या ब्रेकरवर गाडी सरळ न घालता तिरकी घ्यायची हेही त्यांचंच फर्मान. एक चाक आधी, मग दुसरं, म्हणजे पोट घासत नाही. गाडीत तांब्या मात्र राहिला. रिकामा. मांडीवर काहीतरी धरल्याशिवाय करमत नाही म्हणत. सिस्टरनं विचारलं, त्रास होतो का आता? "माज्या बापाला बैल बी अशी मिळाली न्हाईत," मावशी म्हणाल्या. त्यांची कंबर दुखत असणार. ते त्यांनी मला नजरेनं सांगितलं आणि मी नजरेनं ऐकलं.

पावसाळाभर ती गाडी तशी आली आणि गेली. थंडी पडायच्या आत मावशी थकल्या. गुऱ्हाळ मध्येच थांबवावं लागे. थट्टा कमी झाली. किती आणलं, हे मी विचारायला लागलो, तर बोटं दाखवत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते खिडकीतून. खाली दत्तानं हात दाराच्या कडेला धरला होता. त्या पाठ करून उभ्या राहिल्या, सरळ खाली बसल्या, आणि "आलं" म्हटलेलं काचेतून ऐकू आलं नाही पण तोंडाची हालचाल दिसली. पाय तेवढे त्यांना उचलवेनात. दत्तानं एकेक करून आत ठेवले. गेटजवळच्या ब्रेकरवर गाडी तिरकी झाली, एक चाक, मग दुसरं. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, हातात तो पितळी तांब्या उलटा धरलेला. बघा, रिकामा आहे, असं मला दाखवत होत्या की सिस्टरला, माहीत नाही.

पुढच्या खेपेला त्यांच्या खाटेवर दुसरा माणूस होता, कामशेतचा दुकानदार. सिस्टरनं मला आधी सांगायला हवं होतं, ती विसरली. मी काट्यावर उभा राहिलो, खाटेवर आलो, हात पुढे केला. रडू आलं नाही. बरेच दिवस आलं नाही. दुकानदारानं एकदा विचारलं, तुमच्या बाजूला आधी कोण होतं? मी म्हणालो, बेडशाच्या एक मावशी.

मावशींचं दिवसकार्य होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी हॉस्पिटलातून बाहेर पडलो तर गेटवर निळी गाडी. दत्ता आत बसलेला. कारखान्यातून सुटल्यावर गाडी घराकडे न वळता इकडेच वळली, म्हणाला. मग म्हणाला, "बसा सर, स्टेशनला सोडतो."

मी गाडीकडे पाठ केली. त्यानं उतरून येऊन दाराच्या कडेला हात धरला. मी बसलो, आणि शेवटचा इंच धपकन खाली गेलो. सीट मावशींच्या बेतानं पुढे सरकवलेली होती, गुडघे छातीशी आले. पायापाशी काहीतरी लागलं, तांब्या होता. मी तो उचलून मांडीवर घेतला, ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"चुलते म्हणतात, विकून टाक आता," दत्ता गाडी सुरू करत म्हणाला. "मावसभाऊ म्हणतो, जुन्या स्प्रिंगा घाल, आता काय हौस उरली. मी म्हणलं, ह्या आईनं बसवल्यात. तिनं बघून बसवल्यात."

"चालते कशी?" मी विचारलं.

मोठ्या रस्त्यावर वळताना त्यानं गाडी जरा जोरात घातली. ती कलली नाही, रस्ता धरून वळली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. चोरटं नव्हतं ते. चांगलं मोकळं होतं. मी ते मुद्दाम वळून बघितलं, कारण ज्या बाईला ते बघायचं होतं तिच्या जागेवर मी बसलो होतो.

स्टेशनच्या अलीकडे ब्रेकर आला. त्यानं गाडी तिरकी केली. पहिलं चाक चढलं आणि त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला, माझ्या मांडीवर आला आणि रिकाम्या तांब्याचा काठ धरून थांबला. समोर बघत होता तो. आपला हात कुठे गेलाय, हे त्याला माहीतही नसावं.

मी त्या हातावर चापट मारली. का मारली, सांगता येणार नाही. आधी मारली आणि मग मला कळलं.

"हात काढ," मी म्हणालो.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्यानं हात काढला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि दुसरं चाक हळूच खाली उतरवलं. मग स्टेशन येईपर्यंत आम्ही दोघंही रडत होतो, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.